किनाऱ्याची वहिवाट

महाराष्ट्र ही चालणाऱ्यांची भूमी आहे. आळंदी आणि देहूहून निघणाऱ्या पालख्यांसोबत दरवर्षी लक्षावधी माणसे पंढरपूरपर्यंत पायी जातात. नर्मदेच्या परिक्रमेस निघणाऱ्यांत मराठी माणसांचा भरणा मोठा असतो. गडकोटांच्या वाटा तुडवणारे तरुण तर प्रत्येक तालुक्यात आढळतील. असे असूनही आपल्या नियोजनाच्या कागदावर पायी चालणारा माणूस क्वचितच दिसतो. रस्ता म्हणजे मोटारीचा रस्ता, हे समीकरण आपण इतके निमूटपणे स्वीकारले आहे की, चालणाऱ्यासाठी आणि सायकलस्वारासाठी वाट मागणे हे अनेकांना हौसेखातर केलेले मागणे वाटते.

या पार्श्वभूमीवर ८ नोव्हेंबर २०२१ हा दिवस ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्या दिवशी संत ज्ञानेश्वर महाराज आणि संत तुकाराम महाराज या दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. या राष्ट्रीय महामार्गांच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ असावा, ही गोष्ट मूळ आराखड्यातच समाविष्ट करण्यात आली होती. पायी चालणाऱ्यास रस्त्यावर हक्काची जागा असते, हे तत्त्व शासनाने एका मोठ्या प्रकल्पात मान्य केले, हे या योजनेचे खरे महत्त्व. तोच न्याय आता कोकण किनाऱ्याला लागू करण्याची वेळ आली आहे. विजयदुर्गापासून रेडीपर्यंत सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या संपूर्ण किनाऱ्याने एक अखंड पायवाट आणि सायकलवाट आखली जावी आणि तिचा आरंभ जेथे गरज सर्वांत तीव्र आहे त्या मालवण-देवबाग पट्ट्यापासून व्हावा, असे आमचे प्रतिपादन आहे.

चिंचोळ्या भूमीवरचा भार

देवबागची भूरचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना या मागणीचे कारण निराळे सांगावे लागणार नाही. तारकर्ली ओलांडून दक्षिणेकडे जावे तशी जमीन निमुळती होत जाते. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्ली नदी आणि टोकाला दोघांचा संगम. या दोन पाण्यांमधल्या वाळूच्या पट्टीवर माडांची बने, घरे, देवळे, शाळा, होड्यांच्या जागा आणि आता मोठ्या संख्येने न्याहारी-निवासाच्या खोल्या उभ्या आहेत. गावाला जोडणारा रस्ता एकच आहे आणि तो गावातच संपतो. समोर नदीपलीकडे वेंगुर्ले तालुक्यातील भोगवे हाकेच्या अंतरावर दिसते. पण मोटारीने तेथे जायचे तर मागे फिरून, नदीच्या वरच्या अंगाचा पूल ओलांडून लांबचा वळसा घालावा लागतो.

सिंधुदुर्ग हा १९९७ साली देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तेव्हापासून तारकर्ली-देवबागकडे पर्यटकांचा ओघ वाढतच गेला. त्यातून अनेक मच्छीमार कुटुंबांच्या हाती पैसा आला, मुंबईच्या गिरण्यांकडे आणि हॉटेलांकडे वळणारी पावले काही प्रमाणात गावात थांबली, हे निर्विवाद आहे. पर्यटनाला नावे ठेवणे सोपे असते. पण ज्या गावाला चाकरमान्यांच्या मनिऑर्डरीवर दिवस काढावे लागले, त्या गावाने घरबसल्या मिळणारी मिळकत नाकारावी, अशी अपेक्षा शहरात बसून कोणी करू नये.

प्रश्न पर्यटनाचा नसून मोटारीचा आहे. मे महिन्यात, दिवाळीत आणि नाताळच्या सुटीत मालवणच्या बाजारपेठेतून वायरीमार्गे तारकर्ली-देवबागकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात. शाळेला निघालेली मुले, मासळीची पाटी घेऊन जाणारी बाई आणि आजाऱ्याला मालवणास नेणारी रिक्षा, सारे त्याच रांगेत अडकतात. उपाय म्हणून रस्ता रुंद करण्याची मागणी होते. परंतु ज्या पट्टीची रुंदीच मोजकी, तेथे रस्ता रुंद करायचा तो कोणाच्या अंगणातून आणि कोणाचे माड तोडून? आणि रुंद केलेला रस्ता किती वर्षे पुरेल? समुद्र दर पावसाळ्यात किनारा खात आहे. मे २०२१ मधील तौक्ते वादळाने या किनाऱ्याची उडवलेली दैना सर्वांच्या स्मरणात आहे. अशा भूमीवर अधिकाधिक मोटारी आणून उभ्या करणे म्हणजे ज्या फांदीवर बसलो तीच तोडण्यासारखे आहे.

चालणारा पाहुणा

मोटारीने येणारा पाहुणा आणि चालत येणारा पाहुणा यांत मोठे अंतर आहे. मोटारवाला शनिवारी सकाळी पोहोचतो, समुद्रात बुडी मारतो, माशांचे ताट जेवतो आणि रविवारी संध्याकाळी परततो. त्याला मालवण आणि देवबाग ही दोनच नावे ठाऊक असतात. पायी चालणारा दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर जातो. त्यामुळे त्याला प्रत्येक टप्प्यावर जेवण लागते, पाणी लागते, रात्रीचा निवारा लागतो. तो गाव टाळून पुढे जाऊ शकत नाही. त्याचा पैसा एका ठिकाणी साचत नाही, वाटेवरच्या प्रत्येक गावात थोडाथोडा झिरपतो.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याची लांबी साधारण १२० किलोमीटर मानली जाते. विजयदुर्गाहून निघाल्यास देवगड, कुणकेश्वर, तांबळडेग, मिठबाव, आचरे, तोंडवळी, तळाशील, सर्जेकोट, मालवण, तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती, वायंगणी, वेंगुर्ले, मोचेमाड, आरवली, शिरोडे आणि रेडी अशी गावांची माळ लागते. खाड्यांचे वळसे धरून ही आठ-दहा दिवसांची चाल झाली. यांतील किती गावांची नावे पुण्या-मुंबईच्या पर्यटकास ठाऊक आहेत? देवबागेत खोली मिळत नाही तेव्हा मिठबावात आणि तळाशिलात खोल्या रिकाम्या असतात. जिल्ह्यात पर्यटन वाढवायचे म्हणजे देवबागेत आणखी एक मजला चढवायचा नव्हे. देवबागेचा भार इतर गावांनी वाटून घ्यायचा. ते काम पायवाट जसे करील तसे दुसरे काहीही करणार नाही.

शिवाय या वाटेला अर्थ आहे. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा दुर्गांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांतील विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे दोन जलदुर्ग याच किनाऱ्यावर आहेत. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणसमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी आरंभली. त्या मुहूर्ताचे पूजन जेथे झाले असे मानतात, तो मोरयाचा धोंडा आजही दांडीच्या किनाऱ्यावर आहे. राजकोट, सर्जेकोट, पद्मगड हे सिंधुदुर्गाचे सोबती. दक्षिणेस निवतीचा किल्ला आणि रेडीचा यशवंतगड. हे दुर्ग सुटेसुटे नव्हते, समुद्रावर नजर ठेवणारी ती एक साखळी होती. गाडीतून उतरून एकेक किल्ला पाहणाऱ्यास ती साखळी उमगत नाही. एका दुर्गापासून दुसऱ्यापर्यंत किनाऱ्याने चालत जाणाऱ्यास खाडीचे मुख, टेहळणीची टेकडी आणि गलबतांच्या आसऱ्याची जागा यांचा संबंध आपोआप कळू लागतो. याच वाटेवर आचऱ्याचे रामेश्वर मंदिर आहे, जेथील गाव ठरावीक वर्षांनी गुराढोरांसह वेशीबाहेर राहायला जाऊन गावपळण पाळते. याच वाटेवर शिरोडे आहे, जेथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला आणि जेथील शाळेत वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिकवले.

जगात असे प्रयोग झालेले आहेत. ब्रिटनमधील वेल्स या छोट्या प्रांताने २०१२ साली आपल्या संपूर्ण किनाऱ्याची सुमारे १४०० किलोमीटरची पायवाट खुली केली. स्पेनमधील सांतियागोच्या ख्रिस्ती यात्रामार्गावर चालून वा सायकलने पोहोचणाऱ्या नोंदणीकृत यात्रिकांची संख्या २०२४ साली पाच लाखांच्या जवळ गेली. जपानच्या शिकोकू बेटावर ८८ मंदिरांची सुमारे १२०० किलोमीटरची परिक्रमा आजही पायी केली जाते. या तिन्ही ठिकाणी ओस पडू लागलेल्या खेड्यांना यात्रिकांनी आधार दिला आहे. ज्या समाजात वारीची परंपरा शतकानुशतके चालत आली, त्या समाजाला हे शिकण्यासाठी कोणाकडे जावे लागू नये.

पूल आणि तर

किनाऱ्याने रस्ता असावा ही कल्पना नवी नाही. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचे स्वप्न बॅ. अंतुले यांच्या काळापासून पाहिले जात आहे. आता महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने त्यातील मोठ्या खाड्यांवरील पुलांचे काम हाती घेतले आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला या पुलांची गरज आहे आणि त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. मात्र पूल झाला की तर बंद पडते. तर बंद पडली की चालणाऱ्याची वाट तुटते, कारण भरधाव वाहनांच्या पुलावर त्याच्यासाठी जागाच ठेवलेली नसते. पुलाच्या आराखड्यात दोन मीटर रुंदीचा संरक्षित पदपथ आज घालणे तुलनेने स्वस्त आहे. पूल बांधून झाल्यावर तो जोडणे जवळपास अशक्य. ही मागणी आज केली नाही तर पुढच्या पन्नास वर्षांत ती करण्यात अर्थ उरणार नाही.

जेथे पूल नाहीत तेथे तर चालू राहिली पाहिजे. देवबाग ते भोगवे आणि तळाशील ते सर्जेकोट ही दोन ठिकाणे या दृष्टीने कळीची आहेत. आज पर्यटकांना घेऊन संगमावर फिरणाऱ्या होड्या पुष्कळ आहेत. परंतु ठरावीक वेळेला, ठरावीक भाड्यात, सायकलीसह पैलतीरी पोहोचवणारी सार्वजनिक तर ही वेगळी गोष्ट आहे. शेजारच्या गोव्यात शासनाच्या फेरीबोटी नद्या पार करून देतात आणि पादचाऱ्यास भाडे पडत नाही. रेडीच्या पुढे तेरेखोलहून केरीला जाणारी फेरीबोट त्यांतलीच. आपल्या मेरीटाइम बोर्डाला स्थानिक होडीवाल्यांच्या संस्थांशी करार करून हे साधता येईल. होडीवाल्याला बारमाही नसली तरी आठ महिन्यांची खात्रीची मिळकत मिळेल. पावसाळ्यात समुद्रावरची आणि खाडीमुखावरची वाहतूक बंद असते, तेव्हा वाटही बंद ठेवावी. वारीलाही तिथी असते. वाटेला ऋतू असण्यात काही वावगे नाही.

वाट कोणाच्या जमिनीतून?

या कल्पनेवर पहिला आक्षेप येईल तो जमीनधारकांचा. शासन आले की भूसंपादन आले, ही भीती कोकणात खोल रुजलेली आहे आणि ती निराधार नाही. म्हणून प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे की, या वाटेसाठी कोणाचीही जमीन घेण्याचे प्रयोजन नाही. कोकणातील प्रत्येक गावात पाखाड्या, पाणंदी आणि समुद्राकडे उतरणाऱ्या वहिवाटी आहेत. रापणीवर जाणारे मच्छीमार, देवळात जाणारे भाविक आणि रात्रभर चालून दुसऱ्या गावी खेळ करायला जाणारी दशावतारी मंडळी यांनी त्या पिढ्यान् पिढ्या वापरल्या आहेत. मोटार आल्यावर त्यांचा वापर कमी झाला. मग कोणी गडगा पुढे घेतला, कोणी बाहेरच्या खरेदीदाराला जमीन विकली, त्या खरेदीदाराने लोखंडी फाटक बसवले आणि समुद्राकडची वाट कायमची मिटली. आज किनाऱ्यावर खरा धोका आहे तो हा. जेथे पूर्वी गाव चालत जात असे, तेथे आता गावकऱ्यालाच पहारेकरी अडवतो.

कायदा येथे लोकांच्या बाजूने आहे. वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा दूर करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने तहसीलदारास दिलेला आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत गावातील रूढ हक्कांची नोंद वाजिब-उल-अर्जात करण्याची तरतूद आहे. अलीकडे शासनाने पाणंद रस्त्यांसाठी स्वतंत्र योजनाही आणली. प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीने गावनकाशा समोर ठेवून, जुन्या माणसांना सोबत घेऊन, आपल्या वाटा चालून पाहाव्यात, त्यांची यादी ग्रामसभेत मंजूर करावी आणि महसुली दप्तरात नोंदवावी. दोन गावांच्या नोंदवलेल्या वाटा जोडल्या की लांब पल्ल्याच्या मार्गाचा एक तुकडा तयार होतो. म्हणजे हा प्रकल्प मुख्यतः नोंदीचा आहे, बांधकामाचा अल्प. चालणारा पुळणीवरून आणि पाखाडीने जाईल. सायकलस्वार वाळूत जाऊ शकत नसल्याने त्याला गावाच्या आतल्या शांत रस्त्यांनी नेता येईल.

मुंबईत तानसा जलवाहिनीलगतची अतिक्रमणे न्यायालयाच्या आदेशानुसार हटवल्यानंतर तेथे ३९ किलोमीटरचा चालण्याचा आणि सायकलचा मार्ग आखण्यात आला. त्यामागचा एक हेतू मोकळी झालेली जागा पुन्हा बळकावली जाऊ नये, हा होता. वापरात असलेली वाट सहसा कोणी गिळत नाही, हा त्यातील धडा किनाऱ्यालाही लागू पडतो.

सुशोभीकरणाची बाधा

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्याकडे कोणत्याही चांगल्या कल्पनेला ठेकेदारीची बाधा होते. पायवाट म्हटले की सिमेंटचे ठोकळे, पोलादी कठडे, रंगीत दिवे आणि छायाचित्रे काढण्याचे चौथरे यांचे अंदाजपत्रक तयार होते. मुंबईतील पवई तलावाच्या काठी महापालिकेने आरंभिलेला सायकल मार्ग ६ मे २०२२ रोजी उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करण्यास सांगितले. सायकलसारखी निरुपद्रवी गोष्टही पाणथळ जागेवर भराव घालून केली तर उपद्रवी ठरते. पुण्याचा अनुभव वेगळा पण तितकाच बोलका आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात २००६ साली जलद बससेवेच्या मार्गालगत सायकल मार्ग बांधले गेले. ते ठिकठिकाणी तुटलेले होते, कोठे विजेचा खांब तर कोठे टपरी मध्ये येत होती. परिणामी सायकलस्वार मुख्य रस्त्यावरूनच जात राहिला आणि मार्ग रिकामे आहेत म्हणून ते निरुपयोगी ठरवले गेले. अखंडता नसेल तर वाटेला अर्थ नाही, हे पुण्याने दाखवून दिले.

मालवणच्या किनाऱ्यावर तर अधिक जपून पावले टाकावी लागतील. येथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत मालवणची गणना अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांत केलेली आहे. वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालायला येतात. म्हणून भरतीरेषेजवळ कोणतेही पक्के बांधकाम नको, रात्री दिवे नकोत, सुरूच्या बनात फरसबंदी नको. दिशा दाखवणारा जांभ्या दगडाचा खुणेचा खांब, पिण्याच्या पाण्याची सोय, स्वच्छतागृह आणि चार माणसांना सावली देणारा मांडव, एवढेच पुरे. आणि रापण ओढली जात असेल तेव्हा वाट रापणकारांची, हा नियम पहिला. किनारा ही मच्छीमाराची कामाची जागा आहे. पाहुण्याने तेथून अदबीने जायचे असते. हा नियम आधीच ठरवला नाही तर पायवाटही उद्या होड्या हटवण्याचे निमित्त होईल आणि तसे झाले तर मच्छीमार समाजाने या कल्पनेला विरोध करावा, असेच आम्ही म्हणू.

आरंभ कोठून

आरंभासाठी मालवण बंदरापासून दांडी, वायरी, तारकर्ली आणि देवबाग संगमापर्यंतचा दहा-बारा किलोमीटरचा टप्पा पुरेसा आहे. पर्यटकांच्या मोटारींसाठी मालवण शहराच्या बाहेरच्या बाजूस वाहनतळ करावा. तेथून पुढे सायकल, विजेवर चालणारी रिक्षा आणि नियमित एस.टी. यांची सोय असावी. गावकऱ्यांच्या गाड्या, रुग्णवाहिका आणि मालाची वाहने यांवर कोणतेही बंधन नसावे. निदान गर्दीच्या दिवसांत तरी हा प्रयोग करून पाहण्यास काय हरकत आहे? माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही, म्हणून तेथील पर्यटन बुडाले असे कोणी म्हणत नाही. उलट तेच त्याचे आकर्षण ठरले आहे. सायकली भाड्याने देण्याचे काम गावातील तरुण मंडळांनी आणि महिला बचत गटांनी करावे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिलांनी कांदळवन सफर चालवून दाखवली आहे. तेथील स्त्री होडी वल्हवू शकते तर देवबागची स्त्री सायकलींचे केंद्र का चालवू शकणार नाही?

यासाठी नवे महामंडळ नको. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून खुणेचे खांब आणि पाण्याची सोय होऊ शकेल, ग्रामपंचायती देखभाल पाहतील. जेथे वाट ग्रामस्थांनी स्वतः आखलेली असेल तेथे कचरा उचलण्यासाठी निविदा काढावी लागणार नाही.

एक गोष्ट मात्र गावानेच ठरवायची आहे आणि ती शासनावर सोडता येणार नाही. किनाऱ्यावरची एकेक जमीन विकली जात आहे, एकेक फाटक उभे राहत आहे आणि ज्यांना वहिवाटी ठाऊक आहेत अशा पिढीतील माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. त्यांच्या स्मरणातील वाटा कागदावर आल्या नाहीत, तर पुढे न्यायालयात उभे राहण्यासाठी पुरावाही उरणार नाही. येत्या हिवाळ्यात देवबागपासून तळाशीलपर्यंतच्या ग्रामसभांनी हे एक काम हाती घ्यावे. मार्गाचे नाव, उद्घाटन आणि निधी यांची चर्चा नंतर होत राहील. आज वाटा चालून पाहायच्या आहेत आणि लिहून ठेवायच्या आहेत.